रात्रभर झोपणारं बाळ: तुमचे अनुभव लिहा

गोधडी:
वरच्या मजल्यावर नवीन कुटुंब राहायला आलंय. त्यांचं पिल्लू वर्षाच्या आसपासचं असावं. काल मध्यरात्री त्याचा सूर लागला आणि मी अंथरुणात उठून बसले. माझ्या लेकाला आता मिसरूड फुटलंय, सकाळी उठवायला घरातली दोन माणसं लागतात. तरी ते रडणं ऐकलं आणि माझा उजवा खांदा आपोआप वर गेला!

वर्षाचा असताना हा रात्री सारखा उठायचा. भूक नाही, दुपटं ओलं नाही, ताप नाही. खांद्यावर घेतलं की गप्प, गादीला पाठ टेकायच्या आत डोळे टक्क उघडे. मध्येमध्ये जाग तर सगळ्यांनाच येते. मोठ्यांचं झोपेचं एक आवर्तन साधारण दीड तासाचं, बाळांचं तासाभराच्या आतबाहेरचं. आपण कूस बदलतो आणि सकाळी आठवतही नाही. ह्याला झोप लागताना खांदा होता, जाग आली तेव्हा खांदा गायब. मग चौकशी होणारच की.

आम्ही मध्यरात्रीच्या भानगडीत न पडता आधी संध्याकाळ हातात घेतली. पेंगलेला पण जागा असतानाच खाली ठेवायचं. छातीवर हात, थोपटणं हळूहळू मंद करत न्यायचं. उठून बसला की परत आडवा, न बोलता. आणि आठला झोपवायचा हट्ट सोडला. खरी झोप त्याला साडेनऊला लागायची, मग खोलीत न्यायचंच साडेनऊला. पडल्या पडल्या झोप लागायला लागली की ती वेळ पंधरा-पंधरा मिनिटांनी अलीकडे. रोजची कुस्ती तिथेच संपली. रात्रीचं उठणं त्यानंतर आपसूक कमी होत गेलं. एकदम बंद झालं असं मी म्हणणार नाही.

तुमच्याकडे काय लागू पडलं? काय नाही पडलं तेही लिहा, ते जास्त वाचनीय असतं :)

पेंगुळलेली:
ह्या क्षणी लेक मांडीवर आहे, एका हाताने टाइप करतेय. तेरा महिने. बाकी नंतर, हलली

रातकिडा:
बाबा बोलतोय. आमच्याकडे दुधाचा प्रश्न होता. लेकीला अंगावर पिता पिताच झोपायची सवय, त्यामुळे जाग आली की तेच हवं. तिचं वजन छान वाढत होतं. डॉक्टर म्हणाले, आता रात्रीच्या दुधाची पोटाला गरज नाही, दिवसा भरपूर खाऊ द्या. बायकोला दुसऱ्या खोलीत पाठवलं आणि रात्रपाळी मी घेतली. आई शेजारी असली की दुधाचा वास येतो आणि मागणी होतेच. माझ्याकडे मागण्यासारखं काही नाही हे तिला लवकर पटलं. पहिल्या दोन-तीन रात्री मात्र गोंधळ होता, खोटं नाही सांगत. मी कडेवर घेऊन २९ चा पाढा म्हणायचो, कारण गाणं येत नाही. बरेचदा दोनशे बत्तीसच्या आसपास मीच झोपलेला असायचो.

उंबरठा:
@रातकिडा, दोनशे बत्तीस म्हणजे एकोणतीस आठे. म्हणजे दहापर्यंतही पोचत नव्हतात! पावकी-निमकी म्हणून बघा, आख्खी इमारत झोपेल.

रातकिडा:
@उंबरठा, लेक आता स्वतः पाढे म्हणायला लागलीय आणि २९ चा ऐकला की जांभई देते. शाळेत काय होणार देव जाणे.

आळसेश्वर:
स्पष्ट लिहितो, लोकांना आवडणार नाही. आम्ही फर्बर पद्धत केली. रिचर्ड फर्बर ह्या अमेरिकन बालरोगतज्ज्ञांनी १९८५ च्या सुमारास लोकांपुढे आणलेली. बाळाला जागं असताना ठेवून बाहेर यायचं, रडलं तर आधी थोड्या मिनिटांनी आत जाऊन धीर द्यायचा, मग जास्त वेळाने, मग आणखी जास्त. उचलायचं नाही. आठवड्याच्या आत लेक स्वतःहून झोपायला लागला. आमची दोघांची सकाळची नोकरी, गाडी चालवून जायचं. न झोपलेल्या माणसाने गाडी चालवणं हाही धोकाच आहे.

मोरपंखी:
मला हे जमलं नसतं. बाळ रडतंय आणि मी दाराबाहेर घड्याळ बघत उभी?? हे माझं वैयक्तिक मत.

आळसेश्वर:
जमणार नाही असं वाटत असेल तर करू नका, सक्ती कुठेय. पण ज्यांनी केलं ते दगडाच्या काळजाचे असतात हा सूर नको.

कागदपत्रे:
मी हे वाचून काढलं होतं म्हणून लिहिते. ऑस्ट्रेलियात २०१६ मध्ये एक छोटा अभ्यास झाला, ६ ते १६ महिन्यांची ४३ बाळं. काहींना आळसेश्वर म्हणतात तसं टप्प्याटप्प्याने थांबून, काहींना गोधडीताईंसारखं झोपेची वेळ पुढे नेऊन. दोन्हीकडे बाळं लवकर झोपायला लागली. लाळेतलं ताणाचं संप्रेरकही तपासलं, ते वाढलेलं नव्हतं. वर्षभराने आईबापांशी असलेली ओढ आणि वागणूक बघितली, तर ज्यांना झोपेबद्दल नुसती माहिती दिली होती त्या तिसऱ्या गटापेक्षा फरक नाही. अभ्यास लहान आहे, त्यावरून जगाचे नियम करू नयेत. पण भांडायला दोन्ही बाजूंना फारसं काही उरत नाही.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटली. कॅनडातला २०१८ चा अभ्यास. बारा महिन्यांच्या बाळांपैकी जवळपास २८ टक्के बाळं सलग सहा तास झोपत नव्हती आणि ४३ टक्के सलग आठ तास झोपत नव्हती. म्हणजे "सगळ्यांची झोपतात, माझंच नाही" हे सरळ खोटं आहे. हा आकडा मी तेव्हा नणंदेला पाठवला होता. तिने उत्तरादाखल नुसता अंगठा पाठवला.

पेंगुळलेली:
कागदपत्रे, तुम्हाला मिठी. माझ्या जावेचा मुलगा म्हणे तिसऱ्या महिन्यापासून रात्रभर झोपतो. मला रोज ऐकवतात

झिपरी:
@पेंगुळलेली, तिसऱ्या महिन्यापासून जाऊबाई रात्रभर झोपतात, असं असेल. मुलाला कोण उठून बघतंय ते भावजींना विचार :ड

मोरपंखी:
हाहाहा झिपरी

दोन_पिल्लांची_आई:
जुळी. एक उठलं की दुसऱ्याला उठवायचं. दोघांचं सगळं एकाच वेळी. बाकी उपाय आमच्यासाठी नव्हते. कुकर लावायचाय, पळते.

आजी_ऑनलाइन:
आमच्या वेळी असले हिशेब नव्हते. घरात माणसं होती, एकाचे हात दुखले की दुसऱ्याकडे. त्यामुळे मुलं झोपत नव्हती हे कुणाच्या लक्षातच आलं नसेल! पण एक सांगते, सर्दीच्या औषधाने गुंगी येते म्हणून रात्री चमचाभर पाजणारे लोक मी पाहिलेत, नातेवाईकांत पाहिलेत. अजिबात करू नका. लहान बाळाच्या श्वासाशी खेळ आहे तो. रडू दे, जागू दे, पण हे नको.

आणि नातवाच्या बाबतीत सुनेने सांगितलं, वर्ष व्हायच्या आत पाठीवरच झोपवायचं, उशी नाही, जाड पांघरूण नाही, मऊ खेळणी नाहीत. मला आधी पटत नव्हतं. मग तिने समजावलं की नाकातोंडावर काही आलं तर ते बाळाला बाजूला करता येत नाही. पटलं.

उंबरठा:
आजी, तुमचे प्रतिसाद वाचायला मजा येते. लिहीत राहा.

चुळबुळ:
मी वेगळं लिहिते. आमचा रात्री उठायचा कारण त्याला श्वास नीट घेता येत नव्हता. तोंड उघडं, घोरणं, मान मागे टाकून झोपणं, घामाने डोकं ओलं. दीड वर्षाचा होईपर्यंत सगळे म्हणत होते की बापावर गेलाय, बापही घोरतो. शेवटी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी बघितलं, नाकामागच्या गाठी वाढलेल्या. त्यावर उपचार झाले आणि झोप बदलली. त्यामुळे बाळ नेहमीच घोरत असेल, झोपेत श्वास अडखळत असेल, तर सवय लावायच्या मागे लागू नका, आधी दाखवा.

कानाचंही तसंच. आडवं केलं की कान जास्त ठणकतो. एरवी बऱ्यापैकी झोपणारं बाळ अचानक आडवं व्हायलाच तयार नसेल तर कान बघून घ्यावा.

आणि लोह! पाय सारखे हलवत झोपणारी, रात्रभर तळमळणारी मुलं असतात, त्यांच्यात कधीकधी लोह कमी निघतं. वर्षानंतर वरचं दूध फार झालं की जेवण कमी होतं आणि लोहही. आमच्या डॉक्टरांनी दिवसाला साधारण अर्ध्या लिटरच्या वर जाऊ नका सांगितलं होतं.

मधलं_बोट:
दुधावरून आठवलं. बाटली तोंडात ठेवून झोपवणाऱ्यांनी वरचे पुढचे दात बघत चला. झोपेत लाळ कमी सुटते, दूध तसंच दातांवर राहतं. आमच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी लेकीचे दात बघून मला असं काही झापलं की मी त्याच रात्रीपासून कमी करायला घेतलं. एकदम काढली नाही. दर दोन रात्रींनी २०-३० मिली कमी. बाटली रिकामी व्हायला लागली तसा तिचा त्यातला रस गेला. आता दूध आधी, मग दात घासणं, मग पुस्तक, मग अंधार. क्रम तोच ठेवला.

जाता जाता, खोलीतून बाहेर पडताना कुणाचा गुडघा वाजतो का? माझा डावा. इतक्या मेहनतीने झोपवायचं आणि दारापाशी "कट्ट".

झिपरी:
गुडघा!!! आमच्याकडे घोटा. मी रांगत बाहेर यायचे.

रातकिडा:
रांगत +१. एकदा दारात बायको समोरून रांगत आत येत होती. दोघंही हसू दाबता दाबता मेलो, लेक उठली.

आळसेश्वर:
बिजागरीला तेल घाला. माझा ह्या धाग्यावरचा एकमेव सर्वमान्य सल्ला.

मोरपंखी:
हे मात्र मान्य :)

सुट्टीचा_वार:
नवरा घोरतो त्यावर काही उपाय? बाळ झोपतं आमचं.

चुळबुळ:
@सुट्टीचा_वार, त्यांनाही कान-नाक-घसावाल्यांकडे न्या. गंमत नाही करत.

मोरपंखी:
आमचं सांगते. लेक दहाव्या महिन्यापर्यंत बरी झोपायची, मग अचानक बिघडलं. मी खोलीबाहेर पाऊल टाकलं की आकांत. ह्या वयात आई दिसत नाही म्हणजे ती गेली, असं त्यांना वाटतं, दहा महिने ते दीड वर्षं हा काळ जोरात असतो म्हणतात. दिवसा खूप बुवा-कुक खेळलो. पडद्यामागे, दारामागे, मग स्वयंपाकघरात जाऊन आवाज द्यायचा आणि परत यायचं. रात्री मी गादीशेजारी खुर्ची टाकून बसायचे, बोलायचे नाही, हात लावायचे नाही. दर काही रात्रींनी खुर्ची थोडी दाराकडे. खुर्ची शेवटी बाहेर गेली आणि तिच्या लक्षातही आलं नाही. वेळ बराच लागला, पण रडारड फार नव्हती. खुर्चीत बसून मी मोबाईलवर अख्ख्या कादंबऱ्या वाचल्या, उजेड अगदी कमी करून.

वाळवण:
पावसाच्या आवाजाचं यंत्र वापरतं का कुणी? आम्हाला भेट मिळालंय

कागदपत्रे:
@वाळवण, चालतं, पण पाळण्याला चिकटवून ठेवू नका आणि आवाज मोठा नको. अशी काही यंत्रं पूर्ण आवाजात लावली तर कानाला त्रास होण्याइतकी मोठी असतात. खोलीच्या दुसऱ्या टोकाला, दोनेक मीटर तरी लांब.

वाळवण:
धन्यवाद. नवऱ्याच्या बाजूला ठेवते मग, घोरणंही झाकेल

निवांत_नाही:
आमच्याकडे काहीही चाललं नाही. पाठीवर थोपटणं, खुर्ची, पाढे, पाऊस, अंधार, लवकर, उशिरा, सगळं करून झालं. अडीच वर्षांचा झाला आणि एके रात्री झोपला तो सकाळपर्यंत. आम्हीच घाबरून तीनदा नाकाशी हात धरून बघितला. ज्यांचं काही चालत नाहीये त्यांच्यासाठी लिहितेय. आम्ही शेवटी इतकंच केलं की रात्र वाटून घेतली, दोनपर्यंत नवरा, दोननंतर मी. सलग चार-पाच तास झोप मिळाली की माणूस माणसासारखं वागतं. त्याआधी आम्ही एकमेकांशी फक्त दुपट्यांवरून बोलत होतो.

पेंगुळलेली:
हे रात्र वाटून घ्यायचं आजच बोलते ह्यांच्याशी. @गोधडी ताई, ही दिवसा दोनदा झोपते, दुसरी झोप संध्याकाळी साडेपाचला संपते. मग रात्री अकरापर्यंत नाचते. दुसरी बंद करू का? झेपेल का तिला?

गोधडी:
@पेंगुळलेली, तेरा महिने म्हणजे अगदी सीमेवर आहे गं. बरीच मुलं तेरा ते अठरा महिन्यांच्या मध्ये कधीतरी एका झोपेवर येतात. एकदम बंद नको, संध्याकाळी सहालाच चिडचिड होऊन बसेल. आधी दुसरी झोप लहान कर, चारच्या पुढे झोपू देऊ नकोस. ते जमलं की सकाळची झोप रोज थोडी थोडी पुढे ढकल, दुपारच्या जेवणानंतर येईपर्यंत. मधले दिवस विचित्र जातात, एक दिवस एक झोप, एक दिवस दोन, चालायचंच. चोवीस तासांत सगळी मिळून अकरा ते चौदा तास होताहेत ना एवढं बघ.

पेंगुळलेली:
मोजते. बारा होतात बहुतेक. पण त्यातले सलग किती ते विचारू नका

झिपरी:
दुपारी तिच्याबरोबर तूही आडवी हो. भांडी कुठे पळून जात नाहीत.

दोन_पिल्लांची_आई:
कुकर झाला. एक उठलंय. दुसऱ्याला उठवायला जातेय.