दिवाळीची पोस्त किती द्यावी?
मावशी फक्त भांडी-लादीच करतात, मग दिवाळीला पाचशे रुपये आणि मिठाईचा पुडा पुरे, असं इथे एका ताईंनी लिहिलंय. मला नाही पटत. वर्ष झालं असेल तर एक पूर्ण पगार द्यावा, सहा महिने झाले असतील तर अर्धा. 1965 च्या बोनस कायद्यात किमान बोनस 8.33 टक्के होता, म्हणजे वर्षाच्या कमाईचा बारावा भाग. तो कायदा घरकामाला लागू नव्हता, पण माप तेच धरावं.

आणि पैसे वेळेवर द्या हो! मागच्या वर्षी मी पाडव्याला पाकीट दिलं. मावशी म्हणाल्या, "ताई, पोरांचे कपडे उधारीवर घेतले, रवा-बेसनसुद्धा." रक्कम तीच, पण आठवडाभर उशीर. फार लागलं मनाला. यंदा दसरा झाल्या झाल्या दिलं. त्यांनी तिथेच ओट्यापाशी उभं राहून मोजलं आणि कमरेच्या पिशवीत खोचलं.

साडी द्यायची तर वरून द्या, पोस्तेतून वजा करून नको. माळा झाडणं, पंखे पुसणं, डबे घासणं, याचे पैसे वेगळे.