'पानिपत' वाचताना शेजारी इतिहास ठेवावा का?

पारावरची
दर रविवारी आमच्या बिल्डिंगमधली पाच-सहा कॉलेजची मुलं माझ्याकडे वाचायला जमतात, सध्या विश्वास पाटलांचं 'पानिपत' चालू आहे. पद्धत अशी की एक प्रकरण झालं की त्याच दिवसांतली एकदोन खरी पत्रं वाचायची. इतिहासकार राजवाड्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'च्या पहिल्या खंडात (१८९८) मराठ्यांचे सेनापती सदाशिवराव भाऊसाहेबांनी उत्तरेतले पेशव्यांचे मामलेदार गोविंदपंत बुंदेल्यांना लिहिलेली पत्रं आहेत, पैसे पाठवा, रसद पाठवा, अब्दालीचा दाणागोटा तोडा, पुन्हा पुन्हा तेच. एका मुलीने ती सलग मोठ्याने वाचली आणि मग मी सांगितलं की डिसेंबर १७६० मध्ये गोविंदपंतच मारले गेले. ती कागद तसाच हातात धरून म्हणाली, "मग आता भाऊ कुणाला लिहिणार?" त्या दिवशी पुढे वाचवलंच नाही कुणाला. पण एका मुलाचे वडील म्हणाले की ताई, तुम्ही गोष्टीचा अभ्यास करून टाकलात, त्याची गोडी गेली. मला तसं अजिबात वाटत नाही, तुम्हाला काय वाटतं?

अनुस्वार
मला त्या वडिलांचं पटतं. मी दहावीच्या सुट्टीत हे पुस्तक मामाकडे माळ्यावर बसून वाचलं, जेवायला हाका मारून मामी थकली. शेवट काय होणार ते माहीतच होतं, पौषातली ती संक्रांत कोणत्या मराठी घरात माहीत नसते, तरीसुद्धा वाटत राहायचं की या वेळी भाऊ वाचेल. ते वाटणं हीच कादंबरीची कमाई आहे हो. दर प्रकरणाला कुणी मला थांबवून पत्र हातात दिलं असतं तर मी पुस्तक मिटून खेळायला गेलो असतो. आधी सलग वाचू द्या, रडू द्या, पत्रं नंतर.

भीमथडी
माझा विरोध उलट्या बाजूने आहे. इतिहास शिकवायचा तर कादंबरी मध्ये आणूच नका. आमच्या घरात लग्नकार्यात सुद्धा विषय निघाला की कुणीतरी बोलून जातं, "मल्हारराव पळाले". कशावरून? कुठेतरी वाचलंय एवढंच उत्तर. पेशव्यांचा मुलगा विश्वासराव पडल्यावर मल्हारराव होळकर निघाले असं एक मत, भाऊंच्या पत्नी पार्वतीबाईंना सुखरूप काढायला भाऊंनीच सांगितलं होतं असं दुसरं. लढाईचा वृत्तांत लिहिणारा काशीराज पंडित अब्दालीच्या बाजूने असलेल्या अयोध्येच्या नवाब शुजाच्या पदरी, म्हणजे त्याने लढाई पलीकडच्या गोटातून पाहिली, आणि बखरकारांची आपापली बाजू. हे सगळं समोर मांडून मग मत बनवायचं असतं. कादंबरीकाराला एक चेहरा रंगवावाच लागतो, तो त्याचा दोष नाही, पण तोच चेहरा डोक्यात पक्का बसतो आणि मग निघता निघत नाही. आधी इतिहासकार शेजवलकरांचं 'पानिपत १७६१' वाचायला द्या, मराठीत १९६१ पासून आहे.

पारावरची
@भीमथडी, मल्हाररावांचं तुमचं म्हणणं मनापासून मान्य, त्यावर वेगळा रविवार ठेवते. १७५७ ला दिल्लीत हाती लागलेला नजीब, म्हणजे अब्दालीचा साथी रोहिला सरदार, मल्हाररावांच्या शब्दावर सुटला, तेही मुलांसमोर यायला हवं, म्हणजे बाजू दोन्ही कळतील. पण इतिहास कोरडा आणि गोष्ट वेगळी असं नसतं ना. नानासाहेब पेशव्यांना पोचलेला पानिपतचा निरोप काय होता, दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरवल्या, खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. हे साधन म्हणायचं की साहित्य? सावकारी चिठ्ठीच्या भाषेत घरातला मुलगा आणि भाऊ गेल्याचं कळवलंय.

@अनुस्वार, तुमचं माळ्यावरचं वाचन मला फार आवडलं, पण एक सांगते. परवा गच्चीवर खडूने नकाशा काढला, यमुना, बागपत, पानिपत, दिल्ली. ऑक्टोबर १७६० अखेर अब्दाली बागपतजवळ नदी उतरला आणि मराठे आणि दिल्ली यांच्या मध्ये येऊन बसला, हे पुस्तकात सगळ्यांनी वाचलेलं होतं. मुलांना मराठ्यांच्या जागी उभं केलं, तोंड दक्षिणेला. एकजण हळूच म्हणाला, "म्हणजे घराकडे तोंड करून लढले, आणि घराच्या वाटेवर अब्दाली." अडीच महिने, थंडी, दाणा संपलेला, सोबत बायकापोरं आणि तीर्थयात्रेला आलेली माणसं. गोल, म्हणजे फौजेची बांधलेली रचना, मोडायचा नाही, संथपणे पुढे सरकायचं हा तोफखान्याच्या इब्राहिमखान गारद्याचा आग्रह आणि विंचूरकर-गायकवाडांच्या घोडदळाला न आवरलेली धाव, ते सगळं त्या खडूच्या रेघांवर उभं राहून मुलांना कळलं. आता तेच प्रकरण परत वाचायला मागतायत.

अनुस्वार
खडूचं वाचून काटा आला अंगावर. तरी माझा हट्ट सोडत नाही, पहिलं वाचन कुणाच्याही मध्यस्थीशिवाय व्हायला हवं. परत वाचायला मागतायत म्हणता ना, मग दुसऱ्या वाचनाला पत्रं ठेवा, तिथे मी पण येऊन बसेन.

भीमथडी
गच्चीवर एक रेघ राहिली बहुतेक, कुंजपुऱ्याची. ऑक्टोबरात ते ठाणं जिंकायला फौज उत्तरेला गेली म्हणून तर अब्दालीला खाली नदी उतरायला सवड मिळाली. ती काढा. आणि काशीराजचा वृत्तांत नक्की वाचून घ्या, जिवंत सापडलेल्यांचा ४०,००० चा आकडा आणि त्यातले सहा-सात हजार शुजाच्या छावणीत आसऱ्याला आले, हे तो सांगतो. शत्रूच्या गोटातला मराठी माणूस आहे तो, त्याचं ऐकताना मुलांना काय वाटतं ते इथे लिहाल का?

पारावरची
लिहीन. कुंजपुरा उद्याच काढते, पावसाने अर्धी यमुना पुसलीच आहे. चौदा जानेवारीचं प्रकरण मात्र अनुस्वार म्हणतात तसं सलग वाचू, त्या दिवशी माझ्या हातात एकही कागद नसेल.