‘इन्क्लुझिव्ह’ला मराठीत काय म्हणाल? ईस्टरच्या निरोपासाठी शब्द हवा

प्रश्न (सोलापूर)

आमच्या धर्मग्रामात, म्हणजे चर्चच्या पॅरिशमध्ये, यंदा ईस्टरचा मराठी निरोप लिहायचं काम माझ्याकडे आलं आहे. ईस्टर ५ एप्रिलला आहे, म्हणजे जागरणाचा विधी ४ तारखेच्या शनिवारी रात्री. आमच्यात कुणाच्या घरी तेलुगू बोलतात, कुणाच्या घरी कन्नड, कुणाकडे कोकणी. फलक मात्र सगळ्यांना कळतो तो मराठीच. इंग्रजी मसुद्यात ‘इन्क्लुझिव्ह कॅथलिक कम्युनिटी’ असं आहे आणि मी तिथंच अडले आहे.

आधी ‘सर्वसमावेशक कॅथलिक समुदाय’ असं लिहिलं. वाचून पाहिलं तर विम्याच्या पत्रकासारखं वाटलं. मग ‘सर्वांना सामावून घेणारा’ लिहिलं. ते मऊ आहे, पण ‘सामावणे’मध्ये कानाला ‘मावणं’ ऐकू येतं. भांडं आमचं, त्यात तुम्ही मावलात तर घेऊ, असा काहीसा अर्थ निघतो. ‘स्वागत’ तर प्रत्येक चौकातल्या बॅनरवर ‘हार्दिक’ आणि ‘सहर्ष’सकट टांगलेलं असतं. ते वाचून कुणी दारात आल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

हा निरोप कुणासाठी आहे ते सांगते, म्हणजे शब्द शोधणं सोपं जाईल. एक बाई आहेत, घटस्फोटानंतर दुसरं लग्न केलेल्या. दर रविवारी शेवटच्या बाकावर बसतात. कम्युनियनची, म्हणजे वेदीपाशी जाऊन पवित्र भाकर घेण्याची, वेळ झाली की अख्खा बाक उठून रांगेत जातो आणि त्या एकट्या बसून राहतात. एक मुलगा होता, चर्चमध्ये बायबलची वाचनं फार सुरेख करायचा. आपल्याला मुलगे आवडतात हे त्यानं घरी सांगितलं, त्यानंतर तो चर्चमध्ये दिसला नाही. एकीला आम्ही लहानपणापासून मुलगा समजत आलो, ती आता साडी नेसते आणि फाटकापर्यंत येऊन परत जाते. या तिघांनी वाचला तर आपल्यासाठीच आहे असं वाटावं, असा शब्द मला हवा आहे.

पुण्याहून एक भाषांतरकार

‘समावेशक’वर थोडा अन्याय होतोय. सम् + आ + विश्. विश् म्हणजे आत जाणं, ‘प्रवेश’मध्ये आहे तोच धातू. म्हणून ‘समावेश’चा मूळ अर्थ एकत्र आत शिरणं असा घेता येतो. त्यात कोण आधीपासून आत बसलाय आणि कोण मागून आला, हा भेद नाही. सरकारी योजनांनी शब्द झिजवला, हा दोष शब्दाचा नव्हे.

दुसरं म्हणजे ‘इन्क्लुझिव्ह कॅथलिक’ ही द्विरुक्तीच नाही का? कॅथलिक हा ग्रीक ‘कथोलिकोस’वरून आलेला शब्द, अर्थ ‘सगळं मिळून असलेला’. चर्चसाठी तो पहिल्यांदा अंत्युखियाच्या इग्नाशियसच्या पत्रात दिसतो, दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला. सर्वांचा असणं ज्याच्या नावातच आहे त्याला वेगळं विशेषण लावावं लागतं, याचं वाईट वाटतं.

प्रश्नकर्ती

वाईट वाटतं खरं, पण लावावं लागतं. एका शब्दानं दार किती वर्षं बंद राहू शकतं याचं उदाहरण आमच्याच विधीत आहे. ईस्टरआधीच्या पवित्र गुरुवारी धर्मगुरू बारा जणांचे पाय धुतात. विधीच्या लॅटिन पुस्तकात त्यांच्यासाठी ‘विरी’ असा शब्द होता, म्हणजे पुरुष. म्हणून बायकांचे पाय धुवायचे नाहीत. पोप फ्रान्सिस यांनी २०१३ मध्ये रोमच्या बालसुधारगृहात जाऊन मुलामुलींचे पाय धुतले, त्यात मुसलमानही होते. मग जानेवारी २०१६ मध्ये नियमच बदलला आणि ‘देवाच्या प्रजेतून निवडलेले’ असं आलं. आदेश एका शब्दाचा होता, पण ज्या बाईचे पाय त्यानंतर पहिल्यांदा धुतले गेले तिच्यासाठी तो एका शब्दाचा नव्हता.

आणि हो, त्याच वर्षीच्या ‘अमोरिस लेतित्सिया’ या पत्रात त्यांनी घटस्फोटानंतर पुन्हा लग्न केलेल्यांबद्दल स्पष्ट म्हटलं आहे, की हे लोक बहिष्कृत नाहीत. आमच्या शेवटच्या बाकावरच्या बाईंना हे कुणी मराठीत सांगितलेलंच नव्हतं. मी सांगितलं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

वसईहून

ईस्टरला आम्ही ‘पास्काचा सण’ म्हणतो. मराठी बायबलमध्ये पास्कासाठी ‘वल्हांडण’ असा शब्द आहे, तो वलांडणे म्हणजे ओलांडणे यावरून. मिसर देशातली ती रात्र, दाराच्या चौकटीला कोकराचं रक्त आणि मृत्यू ते घर ओलांडून पुढे जातो. पुढे त्या घरांतले इस्राएली लोक समुद्र ओलांडतात. तुमच्या निरोपात ‘उंबरठा ओलांडून या’ असं काही बसतं का पाहा. सण तोच, क्रियापदही तेच.

पंढरपूरहून

मी ख्रिस्ती नाही, पण उंबरठ्याचं नाव निघालं म्हणून लिहितो. आमच्या गावात हा शब्द जड आहे. चोखोबांची समाधी देवळाच्या महाद्वाराबाहेर आहे. सानेगुरुजींनी मे १९४७ मध्ये उपोषण केलं तेव्हा विठ्ठलाचं दार सगळ्यांना उघडलं. त्या चळवळीला आपण ‘मंदिरप्रवेश’ म्हणतो. पण माझे वडील ‘देऊळ मोकळं झालं’ असं म्हणायचे. प्रवेश म्हटलं की तो कुणी देणारा लागतो. मोकळं झालं म्हटलं की अडकलेलं होतं ते देऊळ.

‘उंबरठा ओलांडून या’ म्हटल्यावर कष्ट येणाऱ्यानंच करायचे. फाटकापर्यंत येऊन परत जाणाऱ्या त्या मुलीनं आधीच किती उंबरठे ओलांडले असतील!

सोलापूर, सेटलमेंट भागातून

सगळे ‘आत घेण्या’बद्दल लिहिताहेत, म्हणून एक वेगळी गोष्ट सांगतो. आमच्या भागाचं नाव अजून सेटलमेंटच आहे. १८७१च्या कायद्यानं काही जमातींवर जन्मतःच गुन्हेगार असा शिक्का मारला आणि इथं तारेच्या कुंपणात ठेवलं. माझी आजी त्यात वाढली. दिवसभर मिलमध्ये काम आणि रोजची हजेरी. ३१ ऑगस्ट १९५२ला कायदा गेला, पुढे तारही निघाली आणि आम्ही ‘विमुक्त’ झालो. आजी हा शब्द पाण्याच्या घोटासारखा सावकाश उच्चारायची.

तेव्हा आम्हाला आत कुणी घेतलं नव्हतं असं नाही, घेतलंच होतं की. सुधारण्यासाठी घेतलंय असंही सांगत होते. म्हणून ‘सामावून घेणे’, ‘प्रवाहात आणणे’ असले शब्द ऐकले की आमच्या अंगावर काटा येतो. आत बोलावताय तर कशाला, हे आधी सांगा. हजेरी द्यायला मी येणार नाही. जेवायला बोलावलंत तर येईन.

प्रश्नकर्ती

हे वाचून हातातलं काम बाजूला ठेवलं. मी एवढे दिवस ‘कुणाला घ्यायचं’ याचाच शब्द शोधत होते. ‘कशाला’ हे माझ्या मसुद्यात कुठंच नाही.

तुमच्या शेवटच्या वाक्यावरून पंगत आठवली. आमच्या आजीचं लहानपण ज्या गावात गेलं तिथं लग्नाच्या पंगतीत ती चुकून बसली, तेव्हा तिला पानावरून उठवलं होतं. ‘उठवलं’ हा शब्द ती म्हातारपणीही नीट उच्चारू शकायची नाही. आणि ईस्टरची सगळी बातमी आमच्या बायबलात याच क्रियापदात आहे: देवाने त्याला मेलेल्यांतून उठवले. पुनरुत्थान हा ग्रंथातला शब्द, पण प्रवचनात, गाण्यात, बोलण्यात ‘उठला’, ‘उठवला’ हेच येतं. ग्रीक शब्दाचाही अर्थ उभं राहणं असाच आहे. मराठीत कुणाला हाकलायचं तरी उठवतात आणि कुणाला मरणातून काढायचं तरी उठवतात. आजीला पहिला अर्थ माहीत होता, मोठेपणी चर्चमध्ये दुसरा ऐकला. तिनं स्नानसंस्कार (बाप्तिस्मा) घेतला तो त्या दुसऱ्या अर्थासाठी, असं मला आता वाटतं.

बार्शीहून, निवृत्त मराठी शिक्षक

जेवायला बोलावण्यावर गाडी आली आहे तर ‘आवतण’ घ्या. आपल्याकडे खेड्यात आवतानही म्हणतात. ‘आमंत्रण’चंच घासून झालेलं रूप आहे.

आमंत्रण आणि निमंत्रण आपण सरसकट वापरतो, पण संस्कृत व्याकरणकारांनी त्यांत फरक केला आहे. निमंत्रण म्हणजे ज्याला जावंच लागतं, न गेल्यास दोष लागतो. आमंत्रणात कामचार असतो, म्हणजे येणं न येणं ज्याच्या त्याच्या मर्जीवर. सेटलमेंटमधल्या आपल्या मित्राला हजेरी नको आहे. आवतणात ती नाही.

आणि आवतणाचे प्रकार असतात, हे नव्या मुलांना माहीत नसतं. घरटी एक माणूस, ते एक आवतण. दुसरं चूलबंद आवतण. म्हणजे त्या दिवशी तुमच्या घरची चूल पेटायची नाही, घरात असतील नसतील ते सगळे जेवायला. म्हातारी, तान्हं, आलेला पाहुणा, घरात ज्याच्याशी अबोला आहे तोही. आवतण देणारा ‘तुमच्यापैकी कोण कोण’ असं विचारत नाही. माझ्या मते तुम्ही शोधताय तो ‘इन्क्लुझिव्ह’ हाच.

पुण्याहूनचा भाषांतरकार

माझा ‘सर्वसमावेशक’ मी मागे घेतो.

एक शंका मात्र आहे. जेवणाचं आवतण दिलं आणि त्या शेवटच्या बाकावरच्या बाईंना कम्युनियनच्या वेळी बसूनच राहावं लागलं, तर? शब्द चूलबंद आणि ताट मोजकी, असं व्हायला नको.

प्रश्नकर्ती

ही शंका माझ्याही पोटात आहे. तो निर्णय फलक लिहिणाऱ्या बाईच्या हातात नाही. तो त्यांचा आणि धर्मगुरूंचा, शांतपणे बसून बोलण्याचा आहे, आणि ते बोलणं सुरू झालंय. माझ्या हातात आहे ते मी केलं. विधीनंतर अंगणात जेवण ठेवलंय, आणि तिथं पान सगळ्यांना आहे.

‘आशा’ या शब्दाबद्दलही लिहायचं राहिलं. मसुद्यात ‘ईस्टरची आशा’ आहे. मराठीत आशेला थोडा डाग आहे. वेडी आशा, आशाळभूत, ‘आशा सोड’. त्यापेक्षा ‘उमेद’ घ्यावी असं मनात आलं होतं. पण २०२५च्या ज्युबिली वर्षासाठी पोपनी रोमकरांस पत्रातलं जे वाक्य निवडलं ते मराठी बायबलात उघडून पाहिलं: ‘आशा लाजवत नाही’. इंग्रजी भाषांतरांत तिथं अनेकदा ‘निराश करत नाही’ अशा अर्थाचा शब्द असतो. मराठी मूळ ग्रीकच्या जास्त जवळ आहे, तिथं लाज आणण्याचंच क्रियापद आहे. आणि आमच्या तिघांना निराशेचं फारसं भय नाही, ती त्यांच्या सवयीची आहे. त्यांना भय आहे ते चारचौघांत लाजवलं जाण्याचं. म्हणून आशाच ठेवली, या वाक्यासकट.

शनिवारच्या विधीबद्दल ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: तो चर्चमध्ये सुरू होत नाही. बाहेर अंगणात, सगळे दिवे घालवून, अंधारात सुरू होतो. नवी आग पेटवतात, तिच्यावरून पास्काची मोठी मेणबत्ती लावतात आणि मग तिच्यामागून सगळे आत जातात, एकाच्या मेणबत्तीवरून दुसऱ्याची पेटवत. म्हणजे त्या रात्री सुरुवातीला आत कुणीच नसतं. धर्मगुरूही नाहीत, पहिल्या बाकावरची जुनी घराणीही नाहीत. सगळे फाटकाशी उभे. इतकी वर्षं मी हा विधी केला, पण हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. पंढरपूरच्या दादांनी उंबरठ्याचं लिहिलं तेव्हा आलं.

तर आता मजकूर असा केला आहे:

‘शनिवारी रात्री साडेदहाला चूलबंद आवतण आहे. अंधारातच या. आम्हीही बाहेरच उभे असू. एकमेकांच्या दिव्यानं बरोबर आत जाऊ, मग जेवू. आशा लाजवत नाही.’

फलकावर हे लागेल, पण त्या तीन घरी मी स्वतः जाऊन सांगणार आहे. आवतण तोंडी द्यायचं असतं, हे गुरुजींना वेगळं सांगायला नको.

एकच अडलंय. त्या मुलीला ‘तू येशील का’ म्हणताना पंचाईत नाही, पण ‘तू आलीस की’ हे तिच्यासमोर पहिल्यांदाच म्हणायचंय. आमच्या घरात अजून ‘आलास’च तोंडात बसलेलं आहे. आरशासमोर चार वेळा म्हणून पाहिलं. मरीया मग्दालिया कबरेपाशी रडत होती तेव्हा येशूनं तिला नुसतं ‘मरीये’ अशी हाक मारली आणि तिनं त्याला ओळखलं. संबोधनाच्या त्या एका रूपावर सगळं उभं आहे.

सोलापूर, सेटलमेंट भागातून

साडेदहाला येतो. आम्ही घरात सात जण आहोत, म्हातारी धरून. चूलबंद म्हणालात म्हणून आधीच सांगतोय.

बार्शीहून, निवृत्त शिक्षक

फलकावर ‘आवतण’च लिहा, ‘आवतान’ तोंडी म्हणा. आणि ‘आलीस की’मधला ‘की’ सोडू नका. आपल्या सोलापूरकडं तो ‘की’ लागल्याशिवाय बोलावणं पुरं होत नाही.