एए (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, दारू सोडू पाहणाऱ्यांचा गट) मीटिंगला पहिल्यांदा जायचंय, कोणी जातं का? (डोंबिवली-ठाणे)

लोकलचा_प्रवासी:
नमस्कार मंडळी. वय ४१, डोंबिवली. आधी रोज क्वार्टर होती, आता हाफ झालीये आणि सुट्टीच्या दिवशी सकाळपासूनच सुरू. मागच्या महिन्यात मुलीच्या शाळेत पालकसभा होती, बडीशेप चघळत गेलो, तर ती माझ्या शेजारच्या खुर्चीवरून उठली आणि आईच्या पलीकडे जाऊन बसली. बोलली काहीच नाही. ते डोक्यातून जातच नाहीये. आत्तापर्यंत तीनदा सोडून झाली, सगळ्यात जास्त टिकली १९ दिवस. आता एएला जावं म्हणतोय. मीटिंग कुठे असते ते कसं शोधायचं, पैसे किती, नाव-पत्ता लिहून घेतात का, मराठीत बोललं तर चालतं का? प्रार्थना असते म्हणे, मी देवाधर्मातला नाही. बायको पण येते म्हणते. आणि खरी भीती ही की कोणी ओळखीचं भेटलं तर काय करायचं?

आजचा_दिवस:
दादा, लिहिलंत ते बरं केलंत. मला ६ वर्षं झाली. एए इंडियाच्या वेबसाइटवर शहराप्रमाणे मीटिंगची यादी आणि हेल्पलाइन नंबर आहेत, तिथे फोन लावा, पलीकडे आपल्यातलाच माणूस असतो, तुमच्या स्टेशनजवळचा ग्रुप, वार, वेळ आणि भाषा सगळं सांगतो. मुंबईकडे मराठी, हिंदी, इंग्रजी तिन्ही ग्रुप आहेत. जागा म्हणजे बहुतेक शाळेचा वर्ग नाहीतर चर्चचा हॉल. माझी पहिली मीटिंग पालिकेच्या शाळेत होती, मी इमारतीला दोन चकरा मारल्या, मग वर गेलो. लहान मुलांचे बाक, गुडघे टेकत होते, फळ्यावर सतराचा पाढा तसाच राहिलेला. कोणी काही विचारलं नाही, हातात चहा दिला. एकेक जण उठून नाव सांगायचा, मी अल्कोहोलिक आहे म्हणायचा आणि स्वतःचं सांगायचा, मधे कोणी बोलत नाही, सल्ला देत नाही. तुम्ही नुसतं बसून ऐकलंत तरी चालतं. फी नाही, फॉर्म नाही, आडनाव पण नाही. शेवटी पिशवी फिरते, सभासद त्यात जमेल ते टाकतात, बाहेरची देणगी एए घेतच नाही. दारू सोडायची इच्छा एवढीच अट.
ओळखीचं म्हणाल तर दुसऱ्या बाकावर आमच्याच सोसायटीतले काका बसले होते. मला घाम फुटला. त्यांनी सरकून जागा दिली. आजपर्यंत लिफ्टमध्ये आमचं बोलणं पाण्याच्या टाकीवरच होतं, माझ्या घरचे सोडून कोणाला कळलेलं नाही.

वॉर्डातली_ताई:
मी नर्स आहे म्हणून हे आधी विचारते, सकाळी हात थरथरतात का, घाम येतो का, एक पेग घेतला की थांबतं का? तसं असेल तर एकदम बंद करू नका. रोज पिणाऱ्याने अचानक सोडली की पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भास होतात, माणूस बरळायला लागतो, यात जीव गेलेले आहेत. आधी डॉक्टरांना किती पिता ते खरं सांगा, ते गोळ्या आणि बी-१ व्हिटॅमिन देतील, गरज वाटली तर अ‍ॅडमिट करतील. मीटिंग आणि औषध दोन्ही एका वेळी चालतं. व्यसनमुक्तीसाठी सरकारची १४४४६ ही मोफत हेल्पलाइन पण आहे.

पुण्याची_सून:
वहिनींसाठी लिहितेय. ओपन मीटिंगला घरचे येऊ शकतात, क्लोज्ड फक्त पिणाऱ्यांसाठी, फोनवर तेवढं विचारून घ्या. पण वहिनी, तुम्ही अल-अ‍ॅनॉनला जा, ती घरच्यांची वेगळी मीटिंग असते, ते पीत असोत वा नसोत, तुम्ही जाऊ शकता. माझे मिस्टर १९८६ पासून चालू असलेल्या मुक्तांगण या पुण्यातल्या व्यसनमुक्ती केंद्रात राहून आले, तिथे बायकांसाठी सहचरी गट आहे, तिथे बसल्यावर मला कळलं की मी वर्षानुवर्षं त्यांच्या ऑफिसला ताप आलाय म्हणून फोन करत होते आणि तेच त्यांना सोयीचं पडत होतं. तो फोन बंद केला तेव्हा माझेच हात कापत होते.

कोकणी_मेवा:
देवाचं टेन्शन घेऊ नका, मीही मानत नाही. एएच्या पायऱ्यांमध्ये (म्हणजे दारूतून बाहेर पडायचे टप्पे) ईश्वर आहे पण आपल्याला जसा उमगला तसा, मी त्या जागी ग्रुप धरला, ११ वर्षं चाललंय. १९३५ ला अमेरिकेत एका शेअर दलालाने आणि एका डॉक्टरने सुरू केलं तेही एकमेकांशी बोलत बसूनच, आपल्याकडे १९५७ पासून आहे. फक्त एक, पहिला ग्रुप नाही पटला तर घरी बसू नका, दुसरा बघा. मला तिसरा मानवला. सुरुवातीला रोज जा, जमलं तर ९० दिवस.

लोकलचा_प्रवासी:
सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, हो, थरथरतात, चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागतो, घरात अजून कोणाला बोललो नव्हतो. आज बायकोला सांगितलं, उद्या सकाळी दोघं डॉक्टरकडे जातोय. हेल्पलाइनला फोन झाला, गुरुवारी संध्याकाळी ७ ची मराठी मीटिंग आहे, ओपन आहे. आजचा_दिवस, तुम्हाला जमेल का यायला? एकटा वर चढेन असं वाटत नाही.

आजचा_दिवस:
येतो. पावणेसातला शाळेच्या गेटपाशी असेन, खांद्याला निळी सॅक. उशीर झाला तरी थांबतो.