मदत हवी आहे: मानपत्रात 'विलक्षण' चालतो का?

माग_आणि_मी: छापखान्याला आज संध्याकाळपर्यंत मजकूर द्यायचाय. एक जण म्हणतोय 'विलक्षण'चा वाईट अर्थ निघतो. खरं आहे का? लवकर सांगा.

चाटी_गल्ली: कुणाचं मानपत्र? वाक्य तर टाका.

माग_आणि_मी: 'आपण विलक्षण कारागीर आहात.' निवृत्त होताहेत.

ऱ्हस्वदीर्घ: बिनधास्त चालतो. वि + लक्षण, म्हणजे चारचौघांपेक्षा लक्षणं वेगळी. मराठीत बऱ्यावाईट दोन्हीला लागतो: विलक्षण प्रतिभा, विलक्षण उकाडा. पुढचं नाम बघायचं.

लई_भारी: 'अफलातून' टाका की!

ऱ्हस्वदीर्घ: तो शब्द मिसळीला ठीक. मानपत्राला भारदस्तपणा लागतो.

लई_भारी: अहो, अफलातून म्हणजे प्लेटो! अरबीत 'प' नाही, म्हणून नावाचं तसं झालं. तत्त्ववेत्त्याच्या नावात भारदस्तपणा नाही?

हुरडा_पार्टी: मग 'अचाट' घ्या.

ऱ्हस्वदीर्घ: नको. 'अचाट खाणे मसणात जाणे' ऐकलंय ना? त्यात प्रमाण सुटल्याचा भाव येतो.

गड्डा_यात्रा: फ्रेम काचेची करू नका, स्टेजवर फुटते. आणि शाल कशाला, आपली चादरच द्या.

माग_आणि_मी: फ्रेम झालीय. शब्दाचं बोला.

चाटी_गल्ली: वाईट अर्थ म्हणणारा घरी काय बोलतो?

माग_आणि_मी: कन्नड. पण मानपत्र मराठीत आहे. सत्कारमूर्तींच्या घरी तेलुगू.

चाटी_गल्ली: तिथंच गोम आहे. कन्नडमध्ये विलक्षण म्हणजे विचित्र. तेलुगूत मात्र 'विलक्षण नट' हे कौतुकच. सोलापुरातल्या सभागृहात तिन्ही भाषांची माणसं बसणार. विशेषण सोडा, त्यांचं काम सांगा. करतात काय?

माग_आणि_मी: चादरीचं डिझाइन. आलेख कागदावर एकेक चौकोन रंगवून नक्षी काढतात, त्यावरून जॅकार्डचे, म्हणजे मागावर नक्षी उमटवणाऱ्या यंत्राचे, पुठ्ठे पंच होतात. त्यांचा मयूरपंख लांबूनही ओळखू येतो.

चाटी_गल्ली: मग हेच लिहा! 'आलेख कागदावर चौकोन चौकोन रंगवून आपण मयूरपंख चादरीवर उतरवलात. असे कसब विरळाच.'

ऱ्हस्वदीर्घ: कसब नपुंसकलिंगी. 'विरळेच' करा.

माग_आणि_मी: हेच देतो, 'विरळेच' करून. छापखान्याचा फोन येतोय.

लई_भारी: भाषणात तरी अफलातून म्हणा.