जुनी गाडी ऑनलाइन विकायची अन् मुऱ्हा म्हैस घ्यायची आहे, कुठं फसू शकतो?

गोदाकाठ:
गाडी १२५ सीसी, २०१६ ची, परभणी पासिंग. ४२ हजाराची जाहिरात टाकली अन् दोन तासांत दोन फोन. पहिला म्हणतो, फौजेत आहे, बदली झाली, गाडी न बघताच घेतो; क्यूआर पाठवतो, तो स्कॅन केला की पैसे तुमच्या खात्यात. दुसरा म्हणतो, उद्या माझा माणूस गाडी बघायला येईल, त्याच्यापुढं किमतीचा विषय काढू नका. कर्ज फिटलंय, पण आरसीवर बँकेचं नाव तसंच आहे.
दुसरं म्हणजे फेसबुकवर मुऱ्हा म्हैस दिसली. १५ लिटर दूध, ५५ हजार, हरियाणातून घरपोच, ५ हजार ॲडव्हान्स. जाणकारांनी सांगावं.

कॅशकाउंटर:
फौजीचा नंबर ब्लॉक करा. क्यूआर स्कॅन करून पैसे फक्त जातात, येत नाहीत. पैसे घ्यायला पिन लागतच नाही. पिन लागतो तो पाठवायला, बॅलन्स बघायला अन् ऑटोपे (खात्यातून आपोआप पैसे कापायची परवानगी) मंजूर करायला. एका माणसानं दुसऱ्याला 'पैसे द्या' अशी रिक्वेस्ट धाडायची सोय यूपीआयवर १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली. म्हणून आता दुकानाच्या नावाचा क्यूआर, पेमेंट लिंक नाहीतर ऑटोपे पुढं करतात. आधी १ रुपया खरंच पाठवतात, म्हणजे तुमचा विश्वास बसावा. फौजेचं ओळखपत्र अन् वर्दीतला फोटोही मागायच्या आधीच येतो, तो दुसऱ्या कुणाचा तरी असतो.

दुसरा डाव मेसेजचा. '६२,००० जमा' असा खोटा मेसेज येतो, पाठोपाठ फोन: 'दादा, चुकून ६२ हजार गेले, वरचे २० परत टाका, पोरगं दवाखान्यात आहे.' मेसेज कुठून आला ते बघा. बँकेचा मेसेज अक्षरी नावावरून येतो अन् शेवटी डॅश देऊन एस किंवा टी असतं. दहा आकडी मोबाइल नंबरवरून आला तर तो बँकेचा नाही. स्क्रीनशॉट तर कुणीही बनवतं. ॲप उघडून बॅलन्स बघायचा, तोवर चावी द्यायची नाही.

चोवीस_पासिंग:
दुसऱ्या फोनवाल्याबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण यात दोन्हीकडचे लोक खरे असतात अन् दोघंही बुडतात. हा मधला माणूस तुमचेच फोटो उचलून ३० हजाराची जाहिरात टाकतो. गिऱ्हाइकाला सांगतो, 'गाडी माझ्या मेव्हण्याची आहे, त्याच्याशी पैशाचं बोलू नका, घरात वाद आहे.' तुम्हाला सांगतो, 'येणारा माझा कामगार आहे.' गिऱ्हाईक येतं, किक मारतं, खूश होतं अन् ३० हजार त्या मधल्याला पाठवतं. मग तुमच्या दारात भांडण: तो म्हणतो पैसे दिले, तुम्ही म्हणता एक रुपया आला नाही. तोड सोपी आहे. समोर आलेल्या माणसाला पहिल्याच वाक्यात विचारा, 'गाडी केवढ्याला घेताय अन् पैसे कुणाला देताय?' 'किमतीचं बोलू नका' म्हणणाऱ्याचा सौदा तिथंच मोडा.

जाहिरातीत आरसी, आधार, नंबरप्लेट यातलं काहीच टाकू नका. त्याच कागदावर तुमची गाडी आणखी तिघांना विकतात. ट्रायलला एकट्याला सोडू नका, मागं आपला माणूस बसवा.

आता कागद. बँकेची एनओसी (ना हरकत दाखला) अन् बँकेच्या सहीचा फॉर्म ३५ घेऊन आरसीवरचा बोजा, म्हणजे कर्जाची नोंद, आधी उतरवा, तोवर गाडी नावावर होत नाही. मग गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे फॉर्म २९ अन् ३०. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्यानं १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, घेणाऱ्याला ३० दिवस. बरेच जण कोऱ्या फॉर्मवर सह्या करून मोकळे होतात, हे लई महागात पडतं. आरसीवर ज्याचं नाव, अपघाताच्या भरपाईला तोच जबाबदार, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये स्पष्ट केलंय. गाडी चार हात फिरलेली असली तरी. ई-चलनही तुमच्याच नावावर येत राहतात. गाडी देताना ताबा पावती करा, तिच्यावर तारखेबरोबर वेळ लिहा (सकाळी ११.२० असं), चेसिस नंबर लिहा अन् घेणाऱ्याच्या आधारची सही केलेली झेरॉक्स ठेवा.

गोदाकाठ:
बोजाचं उद्याच बँकेत विचारतो. पैसे दुसऱ्याच कुणाच्या खात्यातून आले तर चालतंय का? अन् म्हशीचं कुणी सांगेल का?

कॅशकाउंटर:
नाही चालत. एखाद्याला फसवून काढलेले पैसे तुमच्या खात्यात वळवून तुमची गाडी नेतात. त्या माणसानं तक्रार केली की तुमच्या खात्यातली तेवढी रक्कम गोठते, कधी सगळं खातंच. मग दुसऱ्या राज्यातल्या पोलिसांना उत्तरं देत बसा. पावतीवर ज्याचं नाव, त्याच्याच खात्यातून पैसे. नसेल तर त्याला घेऊन बँकेत जा, रोख तिथल्या काउंटरवरच भरा, नोटाही तपासून होतात.

दावण:
५५ हजारात १५ लिटरची मुऱ्हा? भाऊ, तशी म्हैस लाखाच्या पुढंच जाते. अन् रोहतक-हिसारकडून परभणी हजार किलोमीटरच्या वर, एका म्हशीसाठी ट्रक कोण फुकट आणणार?

यांची साखळी ठरलेली असते. आधी ५ हजार. मग गाडीत चढवलेल्या म्हशीचा व्हिडिओ अन् 'जीपीएसचे ४,५०० भरा, पोचल्यावर परत'. मग विमा. मग 'नाक्यावर गाडी अडवली, ९ हजार टाका नाहीतर जनावर उतरवून घेतील'. एकामागून एक रक्कम मागत राहतात, अन् आधीचे बुडू नयेत म्हणून माणूस भरत जातो.

तपासायचं असेल तर व्हिडिओ कॉल लावा अन् म्हणा, 'म्हशीजवळ जा, कानातला पिवळा बिल्ला दाखवा, बारा आकडे वाचून दाखवा, आता उजव्या बाजूनं या.' रेकॉर्ड केलेला व्हिडिओ असेल तर 'नेटवर्क नाही' म्हणून फोन कट होतो. महाराष्ट्रात जून २०२४ पासून बिल्ल्याशिवाय जनावराच्या खरेदी-विक्रीला बंदी आहे.

त्यापेक्षा लातूर जिल्ह्यातल्या हाळी-हंडरगुळीच्या जनावरांच्या बाजाराला नाहीतर जवळच्या बाजारात जा, बाजार समितीची पावती घ्या. तिथंही डोळे उघडे ठेवा. एक वेळची धार काढतच नाहीत, म्हणजे कास टम्म दिसते. म्हणून संध्याकाळी समोर पूर्ण पिळून घ्यायची अन् तिथून सकाळ, संध्याकाळ दोन्ही धारा मोजायच्या. चारही सडांच्या पहिल्या चिळका काळ्या फडक्यावर काढा. गाठी, पाणी किंवा रक्त दिसलं तर दगडी (कासेचा आजार) समजा. दात बघा: आठही आले म्हणजे जुळलेली. गाभण सांगत असतील तर डॉक्टरकडून हात घालून तपासा. खाली वासरू दुसरीचं बांधलेलं असतं, ते पाजून बघा.

चोवीस_पासिंग:
एक राहिलं. कुणाचे पैसे गेलेच तर ठाण्यात जायच्या आधी १९३० ला (सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन) फोन. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात उडायच्या आत गोठवायचे असतात, तिथं मिनिटं मोजतात. हाताशी ठेवा: यूपीआयचा बारा आकडी व्यवहार क्रमांक, रक्कम, वेळ, आपली बँक. स्वतः पिन टाकून पाठवलेले पैसे बँक सहसा भरून देत नाही. अन् नंतर 'तुमचे पैसे काढून देतो, फाइलचे २ हजार' असा फोन येतो, तो बहुधा त्याच टोळीचा असतो, कारण तुमचा नंबर त्यांच्याकडंच असतो.