अनुभव धागा: एकच आर्केड स्टिक, सगळे कन्सोल. कोणी कशी बनवली?

बसस्टँडमागच्या व्हिडिओ गेम पार्लरात दांडी-बटनं बडवलेले पोट्टे आता मोठे झाले. घरी कोणाकडं पीएस४, कोणाकडं स्विच, कोणाकडं नुसता पीसी. दरेकाले वेगळी स्टिक घ्याची म्हणजे खिसा फाटते. एकाच डब्ब्यात सगळं जमवलं असंन त्यानं लिवा, बोर्ड (बटनं कन्सोलले कळवणारं सर्किट) कोणता, डब्बा कशाचा, कुठं अडलं.

दर्यापूरकर: डब्बा, दांडी हे मागाहून पाहा, खरा खेळ बोर्डाचा आहे भाऊ. ऑनलाइन जे स्वस्त झीरो डिले बोर्ड भेटते ते पीसी अन् पीएस३ वर चालते, पुढं बोंब. म्या रास्पबेरी पाय पिको नावाचा लहानसा बोर्ड घेतला, त्यात जीपी२०४०-सीई हे कंट्रोलरचं सॉफ्टवेअर फुकटात टाकता येते, पिकोवरचं बूटसेल बटन दाबून लॅपटॉपले लावला की पेनड्राइव्हसारखा दिसते, त्यात फाइल टाकली की झालं. सगळ्या बटनांचा एक पाय एकाच ग्राउंडच्या वायरवर अन् दुसरा आपापल्या पिनवर, सान्वा कंपनीच्या दांडीले पाचच वायर, चार दिशा अन् एक ग्राउंड. मंग केबल लावताना ठरलेलं बटन दाबून धरलं की तोच डब्बा स्विच, पीएस३ नाईतर पीसीचा होते. पिना बदलाच्या तर स्टार्ट दाबून धरून पीसीले केबल लावा अन् ब्राउझरात १९२.१६८.७.१ उघडा, सोल्डर उकलाची गरजच नाई.

सिंदेवाही_सागवान: आमच्याकडं सागवानाले तोटा नाई पण जाड फळीत क्लिपवाली बटनं पकडतच नाई, नटवाली घ्या. बटनाले ३० एमएम, स्टार्ट-सिलेक्टले २४ एमएमचं भोक. आमच्या वाढईबुवानं विचारलं, "हे कायचं पाटलं व्हय?"

पांदणरस्ता: मोटरच्या स्टार्टर पॅनेलची हिरवी-लाल बटनं चालतीन काय? घरी पडून आहेत.

दर्यापूरकर: हिरवं चालते. लालचा कॉन्टॅक्ट बहुतेक उलटा असते, न दाबताच चालू. अन् स्प्रिंग इतकी कडक का दोन राउंडात आंगठा गेला समजा. भोकही २२ एमएमचं लागते.

पुसदचा_केन: पीएस४ चं कोणी बोललंच नाई. सोनीची ओळख (लायसन असल्याची डिजिटल खूण) बोर्डात नसंन तर ८ मिनिटांनी कंट्रोलर मुका होते, ऐन फायनल राउंडात! एक्सबॉक्स वन तर ओळखीबिगर उभाच करत नाई. पिकोवर दुसरा यूएसबी पोर्ट काढून त्याले लायसनवाला वायरचा कंट्रोलर जोडला की ओळख त्याची, बटनं आपली. एवढी झंझट नको असंन तर ब्रूक कंपनीचा तयार युनिव्हर्सल बोर्ड घ्या, महाग आहे पण पीएस४, एक्सबॉक्स वन, स्विच तो सोताच वळखते. पीएस५ वर त्याच्यानं पीएस४ चे गेम चालतीन, पीएस५ चे सगळे चालतीन असं धरू नका.

पांदणरस्ता: मंग पिकोच मागवतो. नटवाली बटनं नागपुरात भेटतीन का ऑनलाइनच?